मुक्यांची बोली : घोडी नाचत नव्हती



परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, म्हणजे लग्नांचा मोसम आलाच! वरातीत तुम्ही सगळे बॅन्डच्या पुढे असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण या वेळी जरा मागे वळून नवरदेवाच्या घोडीकडेही बघा. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी एका लग्नाला वरूडला गेलो होतो. वरूड म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं संत्र्यांचं गाव. मुहूर्त दुपारचा, त्यामुळे वरात निघाली ती रणरणत्या उन्हात. पांढरीशुभ्र घोडी, कपाळावर मण्यांची झालर, पायांत घुंगरू. थोडं अंतर गेल्यावर ती मान वरखाली झटकू लागली. पोरं ओरडली, "नाचली रे, नाचली!" बॅन्डवाल्यांना आणखी जोर चढला. नवरदेवानं मात्र खोगीर घट्ट धरून ठेवलं होतं!

मी पडलो जनावरांचा डॉक्टर. माझं लक्ष तिच्या नाकाकडे गेलं. शिकवलेला घोडा नाचतो तेव्हा तालावर पाय टाकतो. ही ताल सोडून मध्येच एकदम हिसका देत होती, जणू नाकात मधमाशी शिरली आहे. फुरफुरत होती. थांबली की नाक पुढच्या पायावर घासत होती.

पंगत उठल्यावर मी घोडीवाल्या भाऊंना गाठलं. ते म्हणाले, "काय सांगू डॉक्टरसाहेब, मांगच्या उन्हायापासून हे असंच करते. लोकं म्हन्तेत, नाचते. मले मालूम हाय, हे नाचनं नोय. एखांद्या दिवशी नवरदेवाले पाडन. आता इकूनच टाकतो."

त्यांची सातवीतली मुलगी घोडीला पाणी पाजत होती. ती हळूच म्हणाली, "पन बाबा, घरी सावलीत नाई करत थे. उनात निंघाली का करते."

दोस्तांनो, अर्धं निदान त्या मुलीनंच केलं होतं!

घोडा मान झटकतो याची कारणं पुष्कळ असतात. लगाम टोचत असेल, दाढेला धार आली असेल, कानात गोचीड असेल, नाहीतर माश्या सतावत असतील. म्हणून आधी साधी कारणं तपासायची. आम्ही झालर उतरवली, लगाम काढला, दात, कान, डोळे पाहिले. काही सापडलं नाही. मग तिला उन्हात फिरवलं. झटके सुरू! सावलीत आणलं, थोड्या वेळानं थांबले. पुन्हा उन्हात नेऊन तिच्या डोळ्यांवर काळं कापड बांधलं आणि जागेवरच उभं ठेवलं. काय गंमत, झटके कमी झाले!

अंधाऱ्या थिएटरातून एकदम उन्हात आलं की काही माणसांना शिंक येते ना? त्याच जातीचा हा प्रकार. संत्र्यांमुळे वरूडला विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात. अमेरिकेतल्या खऱ्या कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी १९९५ साली अशाच, उजेडानं मान झटकणाऱ्या सात घोड्यांची माहिती प्रसिद्ध केली. चेहऱ्यावरची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस असते, ट्रायजेमिनल. तिचे तीन फाटे डोळे, नाक आणि जबड्याकडे जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आजारी घोड्यांची ही नस निरोगी घोड्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी विजेनं जागी होते. म्हणजे ऊन, वारा, धूळ अशा क्षुल्लक गोष्टींनीही चेहऱ्यात चमक मारते. आपण ज्याला नाच म्हणतो, ती कळ असते!

"मग ही ॲलर्जी नाही का?" असं तुम्ही विचाराल. ॲलर्जीही घोड्यांना होते, आणि तीही ऋतूप्रमाणे येते. बुरशी लागलेल्या कडब्याची धूळ नाकात गेली की खोकला येतो, धाप लागते. बारीक चिलटं चावली की काहींना आयाळीशी आणि शेपटीशी इतकी खाज सुटते, की घासून घासून केस जातात. अंगावर आपल्यासारख्या गांधीही उठतात. पण नुसतेच झटके असतील, तर ॲलर्जीच्या गोळ्या सहसा उपयोगी पडत नाहीत. म्हणून आजीच्या डब्यातली सर्दीची गोळी घोड्याला देऊ नका हं!

मग करायचं काय? धूळ कमी करायची. चारा पाण्यात भिजवून द्यायचा, बुरशीचा चारा टाकून द्यायचा. घोडा तोंडानं श्वास घेऊच शकत नाही, त्याचं सगळं नाकावर. म्हणून माश्या पळवायला गोठ्यात कडुलिंबाचा धूर करता, तोही खोकणाऱ्या घोड्याजवळ नको. चिलटं तिन्हीसांजेला फार, तेव्हा जनावर आत बांधावं. आणि उजेडानं झटकणाऱ्या घोड्याच्या डोळ्यांवर बारीक जाळीचा मुखवटा, नाकावर मऊ जाळी बांधतात. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं, तसाच त्या जाळीच्या स्पर्शाचा उपयोग होत असावा असं मानतात. बऱ्याच घोड्यांना आराम पडतो, सगळ्यांना नाही.

वरूडच्या घोडीला पडला, पण पुरता नाही. भाऊंनी दुपारच्या वराती घेणं बंद केलं. ऐन हंगामात ही गोष्ट सोपी नव्हती. तेवढे पैसे बुडाले. पण घोडी विकली नाही. मुलीनं मला पत्र लिहिलं होतं : "आता ते सावलीत माह्या खांद्यावर नाक ठेवते."

आता तुमचं काम. घरी किंवा शेजारी घोडा, बैल, गाय असेल, तर एका वहीत चार रकाने आखा : काय केलं, केव्हा, ऊन होतं की सावली, अंगावर काय साज होता. आठ दिवस लिहा आणि वही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. मात्र निरीक्षण लांबूनच. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही, आणि डोळे बांधायचा उद्योग तर मुळीच करायचा नाही, ते मोठ्यांचं काम.

आणि आईबाबांनो, वरात उन्हातून निघणार असेल तर तास-दोन तास पुढे ढकलता येईल का, तेवढं पाहा. मुहूर्त माणसांचा असतो, पण ऊन घोडीलाही लागतं.

तुमचा,
डॉक्टरकाका