असा, छत्री आणि माणसाचे दोन हात

उर्दूत 'असा' म्हणजे काठी. मराठीत 'असा' म्हणजे 'अशा प्रकारचा'. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला हा शब्द वर्गात आला की जरा थांबावं लागतं. 'हजरत मूसांचा असा' म्हटलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "सर, कसा?" मुलं हसतात, मीही हसतो. छत्रीचं तसं नाही. उर्दूतली 'छतरी' आणि मराठीतली 'छत्री' एकाच 'छत्र' शब्दाच्या लेकी. दोघींना एकाच वर्गात बसवलं तरी भांडण होत नाही.

आता बाजारात या दोन वस्तूंचं लग्न लावलेली एक वस्तू आली आहे. काठीची छत्री. म्हणजे बंद असली की काठी आणि उघडली की छत्री. मोबाईलवर तिच्या जाहिराती फिरतात. आमच्या तेरखेड्याची बरीच मुलं पुण्या-मुंबईला कामाला आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी दर उन्हाळ्यात किंवा मृगाच्या तोंडावर मला फोटो पाठवतो आणि विचारतो, "सर, अब्बांसाठी मागवू का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा लेख.

आधी वस्तू समजून घेऊ. हिचे दोन प्रकार असतात. पहिल्यात छत्रीचाच दांडा जाड आणि मजबूत केलेला असतो. वर वाकडी मूठ, खाली रबरी टोपी. बंद करून टेकत चाला, पाऊस आला की उघडा. दुसऱ्या प्रकारात काठी आतून पोकळ असते. मूठ फिरवून आतली बारीक छत्री तलवारीसारखी उपसायची, काठी दुसऱ्या हातात राहते. पहिला प्रकार स्वस्त, म्हणून जास्त दिसतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. ज्याला खरोखर काठीची गरज आहे, त्याला पहिल्या प्रकारची वस्तू देऊ नका.

कारण साधं आहे. म्हाताऱ्या माणसाला काठी सगळ्यात जास्त कधी लागते? पाऊस पडल्यावर. आपली काळी माती ओली झाली की चपलेला चिकटते. मस्जिदीच्या वुजूखान्याजवळची फरशी, देवळाची पायरी, दवाखान्याचा ओटा, सगळं निसरडं होतं. आणि नेमक्या त्याच क्षणी ही काठी जमिनीवरून उचलून डोक्यावर धरायची! म्हणजे ज्या घडीला आधार हवा, त्या घडीला ही वस्तू आधार काढून घेते. उन्हाचंही तेच. मराठवाड्याच्या मे महिन्यात दुपारी चक्कर येते ती उन्हाने. त्या वेळी डोक्यावर सावलीही हवी आणि हातात काठीही हवी. दोन्ही गरजा एकाच वेळी येतात. ज्या दोन गरजा वेगवेगळ्या वेळी येतात, त्यांच्यासाठी एकात दोन वस्तू चालते. एकत्र येणाऱ्या गरजांसाठी ती फसवणूक ठरते.

दुसरा प्रकार तुलनेने प्रामाणिक आहे, कारण त्यात काठी हातात राहते. पण दोन्ही हात अडकतात. पिशवी कुठे धरायची? कठडा कशाने धरायचा? शिवाय वाऱ्याचा एक झोत आला की उघडी छत्री माणसाला बाजूला ओढते. तरण्याताठ्या माणसाला ते जाणवतही नाही. ज्याचा तोल आधीच काठीवर आहे, त्याला तो धक्का पुरेसा असतो.

यावर कुणी म्हणेल, काठीचे अनेक उपयोग तर कुरआनातच आले आहेत. बरोबर आहे. सूरह ताहामध्ये हजरत मूसांना त्यांच्या हातातल्या वस्तूबद्दल विचारलं जातं, तेव्हा ते सांगतात की हा माझा असा आहे, यावर मी टेकतो, शेळ्यामेंढ्यांसाठी पाला झाडतो आणि इतरही कामं करतो. आपल्या बालाघाटातल्या कुठल्याही मेंढपाळाने हेच उत्तर दिलं असतं. पण बारकाईने पाहा. पाला झाडताना मेंढपाळ काठीवर टेकलेला नसतो. त्याचे पाय मजबूत असतात, म्हणून काठीला दुसरं काम देणं त्याला परवडतं. पायच डळमळीत झाले की काठीला एकच काम उरतं.

जुन्या दरबारांत असा आणि छत्र ही दोन्ही मानाची चिन्हं होती. राजापुढे असा घेऊन चालणारा वेगळा, त्याला असाबरदार किंवा चोपदार म्हणत. डोक्यावर छत्र धरणारा वेगळा. आपला धाराशिव जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हे शब्द आमच्याकडच्या जुन्या लोकांना परके नाहीत. गंमत अशी की धडधाकट राजाला या दोन वस्तूंसाठी दोन माणसं लागत आणि त्याचे स्वतःचे दोन्ही हात मोकळे असत. आज पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला आपण सांगतो, दोन्ही कामं एकाच हाताने करा.

जर्मनीतल्या हान्स हाउप्ट यांची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. युद्धातल्या जखमेमुळे ते काठी घेऊन चालत. लांब छत्री आणि काठी, दोन्ही सांभाळणं त्यांना जड जाई. त्यांनी काय केलं? काठीला छत्री जोडली नाही. छत्रीच दुमडून एवढी लहान केली की ती खिशात किंवा पिशवीत मावेल. 1928 च्या सुमारास त्यांच्या या कल्पनेतून 'क्निर्प्स' नावाची घडीची छत्री आली आणि आज आपण सगळेच तशा छत्र्या वापरतो. काठी वापरणाऱ्या माणसाने स्वतः विचार केला, तेव्हा त्याने दोन्ही वस्तू वेगळ्या ठेवल्या. हे मला फार बोलकं वाटतं.

मग ही काठीची छत्री खपते कशी? इथे खरा मुद्दा येतो. ती पावसामुळे खपत नाही, शरमेमुळे खपते.

आपल्याकडे काठी हातात आली की माणूस 'म्हातारा' ठरतो. मुलाला 'म्हातारपणाची काठी' म्हणायचं आणि खरी काठी मात्र दाराआड लपवायची, अशी आपली रीत. छत्रीला हा कलंक नाही. छत्री मास्तरच्या हातात असते, तलाठ्याच्या हातात असते. मुंबईची इब्राहिम करीम अँड सन्स ही पेढी 1860 पासून छत्र्या करते. इतक्या पिढ्यांत छत्री घेतली म्हणून कुणाला कुणी म्हातारा म्हटलेलं नाही. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. बारा महिने हातात लांब काळी छत्री, थंडीतही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "लकडी नय बेटा, छत्री हय." सगळ्यांना माहीत आहे ते तिच्यावर टेकतात. त्यांनाही माहीत आहे की सगळ्यांना माहीत आहे.

या शरमेला मी हसत नाही. जो माणूस काठीच्या लाजेने घरात बसेल, तो छत्रीच्या निमित्ताने जुम्याला येत असेल, चार लोकांत बसत असेल, तर ती छत्री त्याच्यासाठी दवा आहे. ज्याला फक्त मनाला धीर हवा, कधीतरी टेकायला काहीतरी हवं, त्याला काठीची छत्री खुशाल द्या. पण ज्याचा गुडघा गेला आहे, ज्याला पक्षाघात होऊन गेला आहे, जो एकदा पडला आहे, त्याच्या बाबतीत शरमेची समजूत काढा, तिची सोय करू नका. पडणं ही लहान गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे मरतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं आहे. आपल्याकडे अशा मृत्यूंना कुणी 'पडून वारले' म्हणत नाही. 'खुबा मोडला, मग अंथरुणाला खिळले, मग गेले' असं म्हणतो.

खरी काठी घ्यायची तर चार गोष्टी पाहा. माणूस चपला घालून, हात सैल सोडून सरळ उभा राहिला की काठीची मूठ त्याच्या मनगटाच्या घडीपाशी यावी. टेकल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहावं. उंची कमीजास्त करता येणारी ॲल्युमिनियमची काठी म्हणून बरी. छत्रीच्या काठीत ही सोय बहुधा नसते. दुसरं, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक लोक उलट धरतात. तिसरं, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. चौथं, खालची रबरी टोपी झिजून गुळगुळीत झाली की लगेच बदलायची. टोपी काही रुपयांत मिळते, खुब्याचं ऑपरेशन मिळत नाही.

पैशाचंही थोडं बोलू. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय 65 किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदा 3000 रुपये थेट खात्यात येतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे, तिच्यात प्रत्यक्ष साहित्य दिलं जातं. सरकारचं हे काम चांगलं आहे, तसं म्हणायला मला संकोच नाही. पण काठी दिल्यावर ती टेकायची कुठे, याचा विचार कोणी करायचा? एसटीत 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. प्रवास फुकट झाला, पायरी मात्र तेवढीच उंच राहिली. एका हातात काठी असलेल्या माणसाने त्या पायरीवर चढून दाखवावं आणि मग पावसात, उघडी छत्री घेऊन चढून दाखवावं.

सरकारला बोलून झालं की आपल्याकडे वळू. आपल्या मस्जिदींत चपलांसाठी कप्पे असतात, टोप्यांसाठी टोपली असते. काठी ठेवायला जागा कुठे असते? बुजुर्ग माणूस ती भिंतीला टेकवतो, ती घसरून पडते आणि नमाजनंतर त्याला वाकून शोधावी लागते. कित्येक ठिकाणी जुम्याच्या खुतब्याला इमामसाहेब हातात असा धरतात. मिंबरावरच्या असाला इतका मान आणि दारातल्या असाला कोपराही नाही, हे बरं दिसत नाही. इमामाने नमाज फार लांबवू नये, कारण मागे अशक्त, आजारी आणि म्हातारे उभे असतात, ही पैगंबरांची शिकवण आपण सगळे जाणतो. मला वाटतं, जी शिकवण नमाजच्या लांबीला लागू आहे, ती पायरीच्या उंचीलाही लागू आहे.

काम मोठं नाही. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा. वुजूच्या जागी खडबडीत फरशी आणि बसायला ओटा. दाराशी काठ्या अडकवायला एक दांडी. गावात एखाद्या लग्नाच्या मंडपाला लागतो त्याहून कमी पैसा लागेल. हेच देवळाला, ग्रामपंचायतीला आणि बँकेलाही लागू. पडणाऱ्याची हाडं धर्म विचारून मोडत नाहीत.

आणि पावसाचं काय? त्याचं उत्तर आपल्या शेतात आधीपासून आहे. पावसात खुरपायला जाणारी बाई छत्री नेते का? ती पोत्याची खोळ करून डोक्यावर घेते. मेंढपाळ घोंगडी घेतो. दोघांचेही हात मोकळे राहतात. आज खोळीच्या जागी हलका रेनकोट आहे, उन्हासाठी रुंद कडांची टोपी आहे किंवा साधा ओला गमजा आहे. पाऊस आणि ऊन अंगावर झेलू द्या, हात काठीसाठी राखून ठेवा. म्हणून फोटो पाठवणाऱ्या मुलांना माझं उत्तर असं: एक मापाची काठी, एक रेनकोट, दोन जास्तीच्या रबरी टोप्या. आणि जमलंच तर जोरदार पावसात अब्बांच्या शेजारून छत्री धरून चालणारं कुणीतरी माणूस.

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. दारू कोरडी कशी ठेवायची, हे या गावाला कुणी शिकवावं लागत नाही. भर पावसाळ्यातही ती सांभाळायची अक्कल आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. तेवढीच काळजी आपल्या बुजुर्गांच्या वाटेची घेतली, तर त्यांना काठी छत्रीत लपवावी लागणार नाही. येत्या मृगाच्या आधी आपापल्या मस्जिदीच्या, देवळाच्या, शाळेच्या पायऱ्या एकदा मोजा. कठडा आहे का पाहा. नसेल तर वर्गणीला माझं नाव पहिलं लिहा.