हसण्याआधी जरा वर बघा!

"आज पाऊस नाही म्हणालेत ना? मग छत्री घेऊनच निघ!" दर जूनमध्ये होस्टेलवर हा जोक नव्याने रिलीज होतो. हवामान खात्याला हसणं हा तर आपला आवडता टाइमपास! पण मित्रांनो, हसण्याआधी दोन गोष्टी आपल्याला यायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली, हवा आणि हवामान यांतला फरक. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे वेदर आणि क्लायमेट पाठ. मराठीत दोन्हींना 'हवामान'च म्हणतात असं वाटायचं. मामेभावाच्या भूगोलात मात्र सरळ लिहिलंय: थोड्या वेळापुरती ती हवा, अनेक वर्षांच्या सरासरीवरून ठरतं ते हवामान. ही सरासरी साधारण ३० वर्षांची धरतात. म्हणजे हवा हा आजचा स्कोअर आणि हवामान हा करिअरचा ॲव्हरेज. सचिन एकदा शून्यावर आऊट झाला म्हणून त्याचा ॲव्हरेज वाईट ठरत नाही. तसंच एक दिवस कुडकुडलो म्हणून "कुठे गेलं ग्लोबल वॉर्मिंग?" विचारण्यात अर्थ नाही. आणि आजचा स्कोअर सांगणं सोपं नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७४ च्या आसपास. एकाच मुंबईत!

दुसरी गोष्ट, ढग. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली. खूप उंचावरचे, पिसांसारखे ते सिरस. कापसाच्या ढिगासारखे ते क्युम्युलस. चादर पसरल्यासारखे ते स्ट्रेटस. आणि डोंगरासारखा दहा-पंधरा किलोमीटर वर चढणारा, माथ्यावर ऐरणीसारखा पसरणारा तो क्युम्युलोनिंबस. विजा याच्याच पोटात.

गेल्या मे महिन्यात मॅच चालू असताना असाच एक ढग ग्राउंडमागे उभा राहिला. आम्ही काय केलं? "दोनच ओव्हर राहिल्यात" म्हणत खेळत राहिलो आणि पाऊस येताच सगळे झाडाखाली! माळीकाका ओरडत आले, "झाडाखाली काय उभे राहता, आत व्हा आधी!" आम्ही व्हरांड्यात पोचतोय तोच पलीकडच्या नारळावर वीज पडली. फिजिक्समध्ये डिस्टिंक्शन मिळवणारे आम्ही, आणि आम्हाला वाचवलं काकांनी.

नियम सोपा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲपही जवळपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं.

खात्याचा अंदाज चुकू शकतो, मान्य. पण डोक्यावर उभा असलेला ढग हा काही अंदाज नव्हे! त्यामुळे यापुढे गडगडाट ऐकू आला की अंपायरने मॅच थांबवावी, हा नियम स्पोर्ट्स कमिटीने करावा. आणि तेव्हा आपण हूटिंग करू नये, एवढंच.