प्रमाणपत्र गटाच्या नावावर हवे : चिखलदऱ्याच्या सेंद्रिय कॉफी उत्पादकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : सेंद्रिय कॉफी पिकवणाऱ्या अल्पभूधारक कुटुंबांच्या मागण्या

महोदय,

गाविलगडच्या डोंगरात, हजार मीटर उंचीवर, एक-दोन एकरांत सावलीच्या झाडांखाली अरेबिका कॉफी पिकवणारी आम्ही कुटुंबे. एकट्या घराला सेंद्रिय प्रमाणनाचा खर्च झेपत नाही, म्हणून आम्ही गट केला. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात तशी सोय आहे. गटाने आपल्या सभासदांची शेते स्वतः तपासायची आणि प्रमाणन संस्थेने त्यांतली काही नमुन्यादाखल पाहायची. एका घराने गुपचूप तणनाशक मारले तर साऱ्या गटाचा माल अडकतो. ही जोखीम आम्ही समजून-उमजून घेतली आहे. तेव्हा प्रमाणपत्रावर हक्कही आमचाच असला पाहिजे, ही आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी आहे.

आजवर घडले ते असे. फी खरेदीदाराने भरली, कागदपत्रे त्याच्या माणसांनी केली आणि प्रमाणपत्र त्याच्याच नावावर निघाले. शेणखत आमचे, खुरपणी आमची, शेतकामाच्या नोंदींच्या रोजनाम्यावर अंगठे आमचे. दुसऱ्या व्यापाऱ्याने जास्त दर देऊ केला तेव्हा कळले की, त्याला विकलेला आमचा माल सेंद्रिय धरलाच जाणार नाही. शेतकऱ्याला बांधून ठेवण्याची ही रीत बंद झाली पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या कार्यक्रमाच्या आठव्या आवृत्तीने उत्पादक गटांना कायदेशीर दर्जा दिला आहे. तो प्रत्यक्षात यावा यासाठी गटाची नोंदणी, पहिल्या तीन वर्षांची प्रमाणन फी आणि गावातल्याच एका प्रशिक्षित तपासनिसाचे मानधन राज्याने द्यावे. फी शासनाने भरली, तर प्रमाणपत्रावर तिसऱ्याचा दावा उरणार नाही. रोजनामा मराठीत असावा, आणि कोरकू बोलणाऱ्या घरांना तो समजावून सांगणारे माणूस त्यांच्यातलेच असावे.

दुसरी मागणी मदतीच्या मुदतीबद्दल आहे. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी मिळून हेक्टरी 31,500 रुपये आहेत, त्यांतले 15,000 शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. तूर-सोयाबीनला हा हिशेब बसतो, कारण तिथे दरवर्षी माल घरात येतो. कॉफीचे रोप पहिले फळ धरते तेच तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पीक हाती येण्याच्या सुमारास मदत संपलेली असते. त्यात अरेबिकाला पांढऱ्या खोडकिड्याचा धोका. सुटी साल घासून काढणे, खोडाला चुना लावणे, सावली राखणे, असे मोजकेच उपाय सेंद्रिय शेतकऱ्याच्या हातात असतात. अळी आत शिरली की झाड उपटून जाळावे लागते, नाहीतर शेजारची झाडेही जातात. अशा प्रत्येक झाडाचा पंचनामा व्हावा आणि त्या जागी लावलेले रोप फळावर येईपर्यंत मदत चालू राहावी.

तिसरी मागणी यंत्राची आणि रोख पैशाची. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे असतात. लाल तेवढीच तोडायची, म्हणून एका झाडाकडे हंगामात चार-पाच वेळा जावे लागते. तोडलेले फळ त्याच दिवशी साल काढणाऱ्या यंत्रातून, म्हणजे पल्परमधून, काढले नाही तर ते आंबू लागते आणि कॉफीची चव बिघडते. सुमारे सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो तयार कॉफी मिळते. ज्या घराकडे पल्पर नाही, वाळवायला जाळीचे मंच नाहीत, ते घर संध्याकाळी दारात आलेल्या व्यापाऱ्याला ओली फळे पडेल त्या भावात देऊन टाकते. किराण्याचे पैसे त्याच दिवशी लागतात आणि गटाचे पैसे माल विकला गेल्यावर, काही महिन्यांनी येतात. अशा घराला फितूर म्हणून गटातून काढणे आम्हाला मान्य नाही. गावागावांत सामाईक पल्पर आणि वाळवणीचे मंच द्यावेत. फळे तोलल्यापासून आठवड्याच्या आत निम्मी रक्कम उचल म्हणून देता यावी, यासाठी गटाला कमी व्याजाने खेळते भांडवल मिळावे.

या सर्व मदतीसाठी वनहक्काच्या पट्ट्यावरची कॉफी सातबाऱ्यावरच्या कॉफीइतकीच पात्र धरावी, हेही इथेच नोंदवतो.

या मागण्या अशक्य नाहीत. आंध्रच्या अराकू खोऱ्यातल्या कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेही लहान तुकड्यांवर राबणारी आदिवासी कुटुंबेच आहेत, पण त्यांच्या पाठीशी सहकारी संस्था, आदिवासी विकास यंत्रणा आणि कॉफी बोर्ड उभे राहिले. कॉफी बोर्ड केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाकडे आहे, त्यामुळे त्याची विस्तार सेवा चिखलदऱ्याला आणण्यासाठी राज्यालाच पाठपुरावा करावा लागेल.

नोव्हेंबरात तोडणी सुरू होते. त्याआधी कृषी, आदिवासी विकास आणि वन विभागांची एकत्रित बैठक चिखलदऱ्यात घ्यावी आणि तिला आमच्या गटातल्या स्त्री-पुरुष प्रतिनिधींना बोलवावे, ही विनंती.

आपले,
सेंद्रिय कॉफी उत्पादक शेतकरी गटाचे सर्व सभासद