राजवाडा आणि गिरणीवाल्याचे गाणे

आज आम्ही तुम्हाला स्कॉटलंडचे राजवैभव दाखवणार आहोत, तेही तिकीट न काढता. वाट आहे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची. हे बड्यांचे संगीत, आपल्याला काय कळणार, असे म्हणून आपण रेडिओचे बटण फिरवतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले.

३० जुलै १८२९ची संध्याकाळ. वीस वर्षांचा जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेलसन एडिंबरो शहरातील होलीरूड राजवाडा पाहायला गेला. इथेच १५६६ साली राणी मेरीचा चिटणीस डेव्हिड रिझिओ याचा खून झाला. राणीच्या पदरी तो प्रथम लागला होता गवई म्हणून! मेंडेलसनने ती दालने पाहिली. पण त्याचे मन अडकले ते शेजारच्या पडक्या प्रार्थनाघरात. छप्पर १७६८ सालीच कोसळलेले, आत गवत आणि वेली, वर उघडे आभाळ. तिथे सुचलेले स्वर त्याने टिपून ठेवले. त्यांची 'स्कॉटिश सिंफनी' पुरी व्हायला १८४२ साल उजाडले. तेरा वर्षे!

दुसरा जर्मन, माक्स ब्रुख. १८८० साली त्याने व्हायोलिनसाठी 'स्कॉटिश फँटसी' पुरी केली, तोवर स्कॉटलंडला त्याचे पाऊलही लागले नव्हते. मग स्कॉटलंड त्याला सापडला कुठे? तिथल्या लोकगीतांत. दुसऱ्या भागात जी नाचरी चाल येते, ती आहे पिठाने माखलेल्या गिरणीवाल्याच्या गाण्याची. खाली जाड तारा एकच सूर धरून राहतात, बॅगपाइपसारखा; आपल्याकडे सनईमागे सूर धरतात तसाच.

ही गाणी टिकली कशी? रॉबर्ट बर्न्स हा कुळाने शेती करणाऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरलेला. गावोगावच्या चाली त्याने जमवल्या, काहींना स्वतःचे शब्द दिले, आणि 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' या सहा खंडांच्या संग्रहाला दिल्या. मोबदला घेतला नाही. गिरणीवाल्याचे गाणेही त्या संग्रहात आहे. जात्यावरच्या ओव्या जपणाऱ्या आमच्या आया-बहिणींना हे वेगळे सांगायला नको.

घरात कुणाच्या मोबाईलवर या दोन्ही रचना सहज मिळतील. मुलांना आधी गिरणीवाल्याचा भाग ऐकवा, ती नाचतील. मेंडेलसनची सुरुवात संथ आहे. ती मुले निजल्यावर, दिवा बारीक करून ऐका.