गुप्त मतदान, उघडी आळी

मतदान गुप्त असते, असे शाळेच्या पुस्तकात शिकवतात. पण छोट्या गावात निकाल लागला की पारावर हिशेब मांडला जातो. वरच्या आळीने कोणाला तारले, खालच्या वस्तीने कोणाला पाडले, हे सगळ्यांना ठाऊक होते. हा नुसता अंदाज नसतो. मते यंत्रागणिक मोजली जातात आणि प्रत्येक केंद्राचे आकडे जाहीर होतात. एका केंद्रावर असून असून हजार-बाराशे मतदार. तेव्हा माणसाचे नाव झाकलेले राहिले, तरी आळीचा कौल उघडा पडतोच.

मग नेत्यांना उट्टे काढणे सोपे जाते. २०१९च्या लोकसभा प्रचारात मेनका गांधींनी उत्तर प्रदेशात मतांच्या प्रमाणात गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी सांगितली. जास्त मते देणाऱ्यांची कामे आधी! निवडणूक आयोगाने त्यांना ताकीद दिली.

यावर उपाय आहे. टोटलायझर नावाचे साधन अनेक यंत्रांतील मतांची एकत्रित बेरीजच दाखवते. आयोगाने २००८ मध्ये ते सुचवले, विधी आयोगाने २०१५ मध्ये शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र विरोध केला.

रस्ता आणि नळ ही मताची बक्षिसी नव्हे. विरोधात मत देणारी वस्तीही साबणाच्या वडीवर तेवढाच कर भरते. तिला पाण्यासाठी पाच वर्षे का ताटकळत ठेवायचे?