परत पाठवलेला मुलगा

इंदूरच्या जुन्या आठवणी इथे वाचतो, आज माझी एक.

1997 ची गोष्ट. मी बँकेत कर्ज बघायचो. एक मुलगा कॉम्प्युटरसाठी कर्ज मागायला आला. म्हणाला, "साहेब, गेम बनवणार." मी हसलो. तारण नाही, जामीनदार नाही. परत पाठवला.

परवा नातवाने सांगितलं, "आजोबा, कन्सोलचा गेम बनवायला डेव्हकिट लागतं. कंपनी मंजुरी देईल तेव्हाच मिळतं, आणि बहुतेकदा मालकी कंपनीचीच." म्हणजे तारण ठेवायलाही नाही! प्लेस्टेशन 3 चं किट 2007 मध्ये किंमत उतरवूनही 10,250 डॉलरला होतं. 2009 मध्ये ते 2,000 वर आलं.

पण त्याच 1997 साली सोनीने अमेरिका-युरोपात नेट यारोझे नावाचं काळं प्लेस्टेशन हौशी लोकांना विकलं. अमेरिकेत 750 डॉलर, तेव्हाचे साधारण सत्तावीस हजार रुपये. गेम कन्सोलच्या मेमरीत बसवायचा, मुख्य मेमरी फक्त 2 एमबी. तरी त्यातून सुरू झालेला 'डेव्हिल डाइस' पुढे बाजारात आला आणि खपलाही.

माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या स्टुडिओंना महागडी किटं द्या, हरकत नाही. पण नवख्यासाठी एक स्वस्त किट कायम असावं, आणि ते त्याच्या मालकीचं असावं. पत बघून दार उघडलं तर हुन्नर बाहेरच उभा राहतो. मीही तेच केलं होतं.

तो मुलगा आज पन्नाशीत असेल. हे वाचत असशील बाळा, तर ये एकदा घरी. चहा-पोहे घेऊ.