टाळी खेळाडूला, मत विचाराला

मैदानाबाहेरून – प्रेक्षक



नागपूरकर आणि मुंबईकर पाहुण्यांना एका खोलीत बसवून क्रिकेटचा विषय काढू नये. मार्च २०२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा परळ-वरळीच्या मंडळींनी नागपूरच्या नातेवाइकांना फोन करकरून हैराण केले. मग आले २०२५. फेब्रुवारीत उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला नागपुरातच ८० धावांनी धूळ चारली, पुढे अंतिम सामन्यात केरळवर पहिल्या डावाची आघाडी घेऊन तिसऱ्यांदा करंडक उचलला, आणि सगळे फोन उलट दिशेने वाजू लागले. हे सदर लिहिणारा मुंबईचा आहे. त्या आठवड्यात त्याचा फोन बंद होता, एवढेच सांगतो.

कबड्डीतही तीच गंमत. २०१५ साली यू मुंबाने प्रो कबड्डीचे दुसरे पर्व जिंकले तेव्हा चाळीचाळीत पेढे वाटले गेले. कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. म्हणून कोणी पेढा परत केला नाही. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्णधार होता आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. एकेका चढाईला आम्ही मुंबईकरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि प्रतीक वाईकरच्या मुलांनीही नेपाळवरच मात केली. त्या वेळी घरातल्या आयाबहिणी मालिका सोडून सामना बघत होत्या.

टाळीचे असे असते. तिला गाव नसते, जात नसते, धर्म नसतो. खेळ चांगला झाला की ती आपोआप वाजते, आणि तिला पैसे पडत नाहीत. पण आजचा विषय टाळीचा नाही. टाळीच्या मागून हळूच जे मागितले जाते, त्या मताचा आहे.

बाळूंची गोष्ट

हा धडा आपल्या समाजाने फार वर्षांपूर्वी गिरवलेला आहे. पाळवणकर बाळू हे नाव जुन्या माणसांना ठाऊक असेल, तरुणांना सांगायला हवे. चर्मकार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टी सांभाळणे, नेट लावणे ही त्यांची नोकरी होती. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते असे तयार झाले की, हिंदूंच्या संघाला त्यांना घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर बसवून वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांचा बराच वेळ मेजवान्यांत गेला, बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तयार करणारा विद्यार्थी म्हणजे तरुण भीमराव आंबेडकर, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे.

इतके बळी घेऊनही कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळण्यात आले, आणि कर्णधारपद पाळवणकर बंधूंपेक्षा कमी अनुभवाच्या खेळाडूला दिले गेले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. गाजावाजा झाला, निवडणाऱ्यांना माघार घ्यावी लागली, आणि त्याच स्पर्धेत बाळू उपकर्णधार म्हणून परतले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियन संघाला हरवले. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. नुसत्या बळींनी जे झाले नाही, ते भावांनी एकजुटीने नाही म्हटल्यावर झाले.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग ऐका. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधातल्या बाजूला होते. १९३७ साली मुंबई प्रांताच्या निवडणुका आल्या. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर कोणाला उभे करावे? बाळूंना. चाल मोठी हुशारीची होती. गिरणगावातला मजूर क्रिकेटवेडा, बाळू त्याचे लाडके, शिवाय तेही अस्पृश्य समाजातलेच. टाळ्या वाजवणारे हात मतेही देतील, असा तो हिशेब होता.

पण लोक त्या हिशेबाला भुलले नाहीत. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. लढत चुरशीची झाली हे मान्य करायला हवे. बाळूंचे नाव खरोखरच मोठे होते. पण आपल्या आजोबा-पणजोबांनी चेंडू आणि कायदा यांतला फरक ओळखला. त्या मतांचे पुढे काय झाले ते पाहा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या कायद्याविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेब आघाडीवर होते. बाळू निवडून आले असते तर ते वाईट वागले असते असे मी म्हणत नाही. बाळू थोर खेळाडूच होते आणि त्यांच्यावर झालेला अन्याय आपण विसरता कामा नये. पण ज्या पक्षाने त्यांना उभे केले, त्या पक्षाला कोकणातल्या कुळापेक्षा बाबासाहेबांचा पराभव हवा होता.

ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी मानपत्र केले, त्यांच्याच विरोधात त्यांना पुढे निवडणूक लढवावी लागली. टाळी एका ठिकाणी आणि मत दुसऱ्या ठिकाणी, हे शिकायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

उलटा व्यवहार

खेळाडू राजकारणात येतात, तसे राजकारणी खेळात येतात. तिथे त्यांचे गणित सहसा चुकत नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनचेच बघा. २००१ साली अध्यक्षपदासाठी अजित वाडेकर उभे होते. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोघांना त्यांच्या घरी जाऊन हरवणारा हा कर्णधार शरद पवारांकडून हरला. २०११ साली दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून हरले. २०२२ साली १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले संदीप पाटीलही हरले. मे २०२५ मध्ये वानखेडेवर तीन नव्या स्टँडचे नामकरण झाले : एक रोहित शर्माचे, एक वाडेकरांचे आणि एक पवारसाहेबांचे. जिंकलेला आणि हरलेला एकाच मैदानावर शेजारी-शेजारी आले. त्या दिवशीच्या तीन नावांत बाळूंचे नाव नव्हते.

कबड्डीचा खेळ आपला, मातीचा, चपलासुद्धा न लागणारा. त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघावर राजस्थानचे राजकारणी जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून २०१३ पर्यंत अध्यक्ष होते. नंतर त्यांच्या पत्नी अध्यक्ष झाल्या आणि ते स्वतः आजीव अध्यक्ष. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या दोन्ही निवडी रद्द करून प्रशासक नेमला. चढाई करणारी मुले गरिबाघरची आणि खुर्ची एकाच घरातली, असा हा कारभार होता.

पडद्यावरचा कचरा

सिनेमाचेही असेच आहे. २००४ साली गोविंदा उत्तर मुंबईतून राम नाईकांना हरवून लोकसभेत गेले. पडद्यावर ते नाचले की आपल्याही पोरांचे पाय हलतात, त्यात वाईट काही नाही. पण नाच आवडला म्हणून संसदेत पाठवायचे, हा हिशेब मला कधी समजला नाही. याउलट विक्रोळीकरांचे मला कौतुक वाटते. विनोद कांबळीने १९९३ साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ धावा केल्या तेव्हा सारी मुंबई वेडी झाली होती. १७ कसोटींत ५४.२० ची सरासरी, आणि तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी! त्याला पुन्हा संधी का मिळाली नाही, यावर आजही वस्तीवस्तीत वाद होतात. पण २००९ साली तो विक्रोळीतून विधानसभेला उभा राहिला, तेव्हा मतदारांनी त्याला निवडून दिले नाही. प्रेम कमी झाले नव्हते, प्रश्न वेगळा होता.

२००१ च्या ‘लगान’ चित्रपटात अस्पृश्य गोलंदाज आहे. त्याचे नाव कचरा. नायक भाषण करतो, गाव विरघळते आणि कचऱ्याला संघात घेतले जाते. तो हॅटट्रिक घेतो तेव्हा थिएटरात आपणही शिट्ट्या मारल्या. पण एक विचार करा, त्या सिनेमात कचरा स्वतःसाठी काय मागतो? काहीच नाही. पाळवणकर भावांसाठी असे भाषण करणारा नायक नव्हता, त्यांना स्वतःच नाही म्हणावे लागले. म्हणून मला २०२२ चा नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ जवळचा वाटतो. नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी चालवलेल्या फुटबॉलवर तो आधारलेला आहे. त्यात बाबासाहेबांची जयंती आहे, त्यांची तसबीर आहे आणि पोरे वस्तीतलीच वाटतात. तरीही पोस्टरवरचा मोठा चेहरा अमिताभ बच्चन यांचा, हेही लक्षात असू द्या.

चषक येईल, तेव्हा काय मागाल?

आता आपल्या दारातले. निवडणूक जवळ आली की वस्तीत अमुक चषक, तमुक चषक सुरू होतात. टी-शर्टवर पुढून साहेबांचा फोटो, पाठीवर चिन्हाचा रंग. रात्री दिव्यांच्या झोतात सामने, डीजे, वडापाव आणि शेवटी ढालीएवढा चषक. पोरांनी जरूर खेळावे. चषक जिंकावा, टी-शर्ट घालावा, साहेबांशी हातही मिळवावा. रागावण्याचे कारण नाही. पण त्या रात्रीची किंमत पाच वर्षे नसते.

साहेबांना काही प्रश्न विचारा. वस्तीजवळच्या मैदानावर आरक्षण आहे, त्याचे काय झाले? तिथे गाड्या का उभ्या राहतात? मुलींचा संघ सरावाला उतरला तर दिवे आहेत का, कपडे बदलायला खोली आहे का? प्रशिक्षकाला महिन्याला मानधन कोण देणार? उत्तरे लिहून घ्या आणि पुढच्या चषकाच्या वेळी तीच यादी पुन्हा काढा.

आणखी एक गोष्ट आईवडिलांसाठी. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतही खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शालेय क्रीडा स्पर्धांमधली कामगिरी लागते, आणि नोकरीसाठी प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करावी लागते. गल्लीतल्या चषकाचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, नोकरीच्या फाइलीत चालत नाही. मुलगा किंवा मुलगी खरोखर चांगली खेळत असेल तर ज्या मंडळाची जिल्हा संघटनेकडे नोंदणी आहे त्या मंडळात घाला, शाळेच्या क्रीडा शिक्षकांना जाऊन भेटा, आणि प्रत्येक प्रमाणपत्र जातीच्या दाखल्याइतकेच जपून ठेवा. कबड्डीने रेल्वेत, बँकांत, पोलिसांत कित्येक घरांना पगार दिला आहे. तो चषकाने दिलेला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जे अखेरचे मोठे भाषण केले, त्यात राजकारणातल्या भक्तीबद्दल त्यांनी कडक इशारा दिला होता. एखाद्या थोर माणसाबद्दलही इतके भारावून जाऊ नये की आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवावे, असा त्याचा आशय होता. भक्ती करायचीच असेल तर ती मैदानापुरती करावी, असे मला वाटते. तिथे संघ हरला तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही, तिसऱ्या दिवशी सारे विसरते. मतपेटीत केलेली भक्ती पाच वर्षे उपाशी ठेवते.

म्हणून शौकीनाचा शौक सोडू नका. यू मुंबासाठी घसा बसवा, विदर्भासाठी ढोल वाजवा, खो-खोच्या मुलींना डोक्यावर घ्या. टाळी मोकळ्या हाताने द्या. मत देताना मात्र तो हात एकदा खिशात घालून विचार करा : माझ्या घरातल्या लेकराच्या शाळेचे, पाण्याचे, नोकरीचे, मैदानाचे बोलणारा कोण आहे? १९३७ साली अंगठा उठवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे कळले होते. आपण तर वाचायला शिकलो आहोत.

तुमच्या वस्तीतल्या मैदानाची आज काय अवस्था आहे, ते पत्राने जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यातली निवडक पत्रे घेऊन भेटूच.

जयभीम!